हाडामांसाचा नमुना

"पुसून टाक ते," मॅडम दारातूनच म्हणाल्या. "बाहेर वकीलबाई आल्यात."

लेसरच्या खुर्चीत पडलेल्या रिसेप्शनिस्टला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिच्या डाव्या गालावर बधिर करणाऱ्या मलमाचा जाड थर होता, वरून पातळ प्लास्टिक चिकटवलं होतं. जेवणाची सुट्टी झाल्यापासून ती तशीच पडून होती. आज तिची डावी बाजू व्हायची होती.

"मॅडम, तुम्ही आजचं नक्की म्हणाला होतात."

"म्हणाले होते. आता नाही म्हणतेय. तोंड पूस आणि काउंटरवर ये."

दोन वर्षांपूर्वी तिचे दोन्ही गाल सारखेच होते. शाळेत असताना आलेल्या मुरुमांनी जाताना खड्डे ठेवले होते, बोट फिरवलं की मोजता येतील असे. नोकरीवर ठेवतानाच मॅडम म्हणाल्या होत्या, चेहरा फुकट करून देईन. तिला आकाश ठेंगणं झालं. पहिल्यांदा उजवी बाजू केली. गाल भाजल्यासारखा सुजला, रात्री उशीला टेकून बसल्या बसल्या झोपावं लागलं, मग पापुद्रे निघाले आणि खालून नवी, नितळ कातडी आली. आई त्या गालावरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिली होती.

आणि मॅडमचं डोकं चाललं ते तिथेच. आधी-नंतरचे फोटो त्या काढतच नसत. "फोटोवर कोण विश्वास ठेवतं? फोनवर शेंबडं पोरसुद्धा चेहरा गुळगुळीत करतं," त्या म्हणायच्या. "गिऱ्हाइकाला हाडामांसाचं माणूस दाखवायला हवं." त्यांना ते माणूस आयतंच मिळालं होतं. डावी बाजू कधी, असं विचारलं की उन्हाळ्यात म्हणायच्या, ऊन फार आहे, कातडी काळी पडेल. पावसाळ्यात म्हणायच्या, हिवाळ्यात बघू. हिवाळ्यात गिऱ्हाइकांची गर्दी असायची. क्लिनिकमधल्या बाकीच्यांनी तिचं नावच 'अर्धी' पाडलं. तीही त्यांच्याबरोबर हसायची, कारण न हसून सांगणार कोणाला?

गिऱ्हाईक आलं की मॅडम पेनाच्या मागच्या टोकाने तिची हनुवटी इकडून तिकडे वळवायच्या, बैलबाजारात वळवतात तशी. तिने फक्त ठरलेलं वाक्य म्हणायचं: डावी आधीची, उजवी मॅडमनी केली. धाकट्या बहिणीच्या लग्नातल्या एकूण एक फोटोत ती एकाच दिशेला बघते आहे. बसमध्ये ती डाव्या खिडकीची जागा मिळेपर्यंत उभी राहते. या सगळ्याचा तिला राग यायचा. पण घर तिच्या पगारावर चालत होतं, त्यामुळे तो राग ती गिळायची.

आज मात्र गिळला गेला नाही.

"मग कधी करणार?" प्लास्टिक ओढून काढत तिने विचारलं. "खरं सांगा मॅडम. करणार आहात का?"

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. बाहेरचं गिऱ्हाईक वाट बघत होतं, त्यामुळे गोड बोलायला त्यांच्याकडे वेळ नव्हता.

"डावी केली तर मी लोकांना दाखवू काय? अगं, धड तोंडाच्या मला पन्नास मिळतील. अर्धी एकच आहे. चल, ऊठ."

अर्धी उठली. टॉवेल घेतला आणि डावा गाल पुसला. नुसता पुसला नाही, खसाखसा घासला. गाल बधिर होता, तिला काहीच कळत नव्हतं. आरशात बघितलं तेव्हा तो लालबुंद झाला होता आणि खड्डे नेहमीपेक्षा खोल दिसत होते. उजवा गाल शेजारी शांत होता.

वकीलबाई काउंटरपाशी उभ्याच होत्या. खुर्ची दिली तरी बसल्या नव्हत्या. त्यांची लेक मागे, रुमालाने गाल झाकून.

"हे बघा डॉक्टर, गोड गोड जाहिराती सगळेच करतात," वकीलबाई म्हणाल्या. "माझ्या मुलीच्या चेहऱ्याचा प्रश्न आहे. काही वाकडं झालं तर मी कोणाला सोडत नाही, हे आधीच सांगते. पुरावा काय तुमच्याकडे?"

"पुरावा?" मॅडम हसल्या. "हा काय, समोर उभा आहे."

पेनाचं टोक हनुवटीला लागलं. उजवा गाल दाखवून झाला, मग डावा. वकीलबाईंनी चष्मा चढवला आणि पुढे वाकल्या. मागून लेकही रुमाल खाली करून बघू लागली. तिच्या गालावरचे खड्डे अर्धीच्या खड्ड्यांपेक्षा पुष्कळ कमी होते.

"एकाच चेहऱ्यावर एवढा फरक?" वकीलबाई म्हणाल्या. "आणि हे इतकं लाल का?"

"मी काही बोलतच नाही," मॅडम म्हणाल्या. "मी बोलले तर तुम्ही म्हणाल, धंद्याचं बोलते. तुम्ही तिलाच विचारा. सांग गं, न घाबरता सांग."

वकीलबाई तिच्याकडे वळल्या. "सांग बाळा. यातली तुझी कुठली आणि यांनी केलेली कुठली?"

अर्धीने हनुवटीखालचं पेन हाताने बाजूला केलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच मान सरळ ठेवून समोर पाहिलं.

"उजवी आधीची," ती म्हणाली. "डावी मॅडमनी केली."