उतरणारी बॅटरी

तृप्तीने जुनी घेतलेली लाल स्पोर्टी हॅचबॅक रस्त्याला लागली की वाऱ्यासारखी पळायची, पण रोज सकाळी तिची बॅटरी उतरलेली असायची. नवी बॅटरी टाकूनही तेच झालं, तेव्हा शेजाऱ्यांकडून धक्का मारून घेत तिने गाडी चालू केली आणि थेट अकिबच्या गॅरेजात आणली.

अकिबने डॅशबोर्डखाली हात घालून एक काळी डबी बाहेर ओढली.

"ताई, हे बॅटरी खाऊन राह्यलं. जीपीएस हाय. गाडी कुठं जाती, कुठं थांबती, सगळं मोबाईलवर दिसतं."

"आधीच्या मालकानं बसवलं आसंल."

"न्हाई. टेप बघा ना, बिलकुल नवी हाय. धूळसुद्धा बसली न्हाई अजून."

तृप्तीने गॅरेजाबाहेरच्या रस्त्यावर नजर फिरवली. येणारीजाणारी माणसं नेहमीचीच होती, तरी ती गाडीच्या आड सरकली.

"जल्दी काढा ते," ती कशीबशी म्हणाली.

अकिबने वायर कापली.



ज्याच्यापासून लपून ती वर्षभर जालन्यात राहत होती, त्या नवऱ्याचा लगेच फोन आला, "वायर कशाला कापायला लावली? थांब तिथंच, आलोच मी."