काशीचा क

केरू पेंटरने होडीच्या फळीवर तिसऱ्यांदा क काढला आणि तिसऱ्यांदा चिंधीने पुसला. क चं पोट काही गोल येईना. वर्षभर त्याचा हात थरथरत होता. उद्या होडीला मिरकरवाडा बंदरातून दर्यात जायचं होतं.

"बाबा, माझी अक्षरं लावून बघूया?" मुंबईहून आलेली त्याची मुलगी वेदिका म्हणाली.

वेदिका फॉन्ट तयार करायची. ही अक्षरं तिने अंतराळयानांच्या एका गेमसाठी काढली होती. कुठे गोलाई नाही, वळण आलं की थेट कोपरा. तासलेल्या जांभ्या दगडावरून तिने फॉन्टला नाव दिलं 'चिरा'. पुढे तो ड्रोनच्या खोक्यांवरही गेला. केरूला मात्र तो रुचला नव्हता. "अक्षरांची हाडं दिसतात गो," म्हणाला होता.

आज तो फळीपासून बाजूला सरकला. वेदिकाने टेपच्या पट्ट्या चिकटवून क आखला. केरूने मधल्या जागेत ब्रश फिरवला. हात हलला, रंग टेपवर गेला. टेप निघाली तेव्हा आत मात्र सुरीसारखी धार होती.

केरू बघतच राहिला. "पुढचं लाव," तो म्हणाला.

अक्षरं पुरी होताहेत तोवर काशी आली. होडी तिची, नावही तिचंच. चालवायचा तिचा मुलगा बाळा.

"हे काय? माझ्या क चं पोट कुठं गेलं?"

"काकी, नवीन पद्धतीचं आहे," वेदिका म्हणाली.

"मी शाळेत गेले नाय गो. पण माझं नाव मी तोंडवळ्यानं ओळखते. हे माझं नाय. पुसा."

वेदिकाचा चेहरा पडला. केरूने चिंधी उचलली, पण पुसलं नाही.

"आक्का, आधी जेटीच्या टोकाला जाऊन ये. तिथनं बघ. मग पुसतो."

काशी बडबडत गेली. टोकाला जाऊन वळली आणि कपाळावर हात धरून उभी राहिली. बराच वेळ.

"तिला दिसत नाही वाटतं," वेदिका पुटपुटली.

काशी परत आली ती सावकाश.

"बाळा निघाला की मी तिथंच उभी राहते," ती म्हणाली. "डोळ्यांत मोतीबिंदू. थोडं लांब गेलं की नाव पुसट, मग सगळ्या होड्या सारख्याच. आज वाचलं."

केरूने चिंधी खाली ठेवली.

काशी होडीला वळसा घालून पलीकडे गेली आणि तिथल्या कोऱ्या फळीवर तिने तळवा टेकवला.

"ही बाळा परत येतानाची बाजू," ती म्हणाली. "इथं जरा मोठं काढ."