पट्टी डाव्या गुडघ्याला

हंगेरीहून आखातातल्या बौशरच्या क्लबात बास्केटबॉल खेळायला आलेल्या झोल्तानचा उजवा गुडघा कधीच कामातून गेला होता. पण मालिशवाला मुनाफ पट्टी बांधायचा ती डाव्या, धडधाकट गुडघ्याला. समोरचे गडी मग तिथेच धडका मारायचे. ही गोष्ट दोघांतच होती; क्लबला कळली तर झोल्तानचं कॉन्ट्रॅक्ट खलास.

फायनलआधी क्लबचा मालक, अर्बाब, स्वतः डॉक्टरला घेऊन आला.

“कुठला दुखतो?” अर्बाबने मुनाफला विचारलं.

मुनाफने झोल्तानकडे पाहिलं. तो खाली मान घालून बुटांची नाडी बांधत राहिला.

“डावा, अर्बाब.”

“आज दुखून चालणार नाही,” अर्बाब म्हणाला. डॉक्टरने पट्टी सोडली आणि डावा गुडघा इंजेक्शनने पार बधिर करून टाकला.

खेळ रंगात आला असताना उंच उडीवरून झोल्तान खाली आला, तो डाव्या पायावर, वेडावाकडा. गुडघ्यातला कडकन आवाज बाकावर बसलेल्या मुनाफला ऐकू आला.

झोल्तान उठला, मुनाफकडे हसून त्याने अंगठा वर केला, आणि त्याच पायावर पुन्हा धावत सुटला.