बारा महिने टिकलेली काच

जीपमधून उतरल्यावर पौर्णिमानं एका हातानं लेकीचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं पिशवीतलं प्रमाणपत्र चाचपलं. त्यावर फक्त सही राहिली होती.

"नाही हरवत ते," सागर म्हणाला. "दर्यापूरपासून चौथ्यांदा पाहून राहिल्या तुमी."

सागर तिच्याच संशोधन गटातला. अमरावतीच्या विद्यापीठात जीवन सरांच्या हाताखाली पाच जण कमी सिमेंटच्या, टिकाऊ इमारतींवर काम करत होते. या गावची अंगणवाडी ही त्यांची पहिली खरी इमारत. राखेच्या विटा सागरच्या, पाया पौर्णिमाचा. इथली काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि वरच्या भिंतींनाही हलवते. आपला पाया हलणार नाही, असं पौर्णिमाचं म्हणणं होतं.

इमारत उभी राहिली आणि महिन्याभरात मागच्या भिंतीला केसाएवढी भेग पडली.

नवं बांधकाम वाळताना अशी भेग पडते, तिची काळजी नसते. पण पाया हलत असेल, तर भिंत आज ना उद्या छतासकट खाली येते. दोन्हींतलं कोणतं, हे ओळखायची एक जुनी रीत आहे. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी घट्ट चिकटवायची, तिच्यावर चिकटवल्याची तारीख घालायची. भिंत जराही हलली की काच तडकते. पौर्णिमानं तारीख घालून काच लावली, आणि सरांनी ठरवलं, पुरे बारा महिने पाहायचं, मगच इमारत सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं. तोवर अंगणवाडी समाजमंदिराच्या ओसरीवरच भरेल.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पौर्णिमा इथे यायची. आदल्या दिवशी सेविका सुभद्राताईंना फोन करायची, कुलूप उघडून ठेवा म्हणून. मे महिन्यात शेतातल्या भेगांमध्ये कोपरापर्यंत हात जात होता, तेव्हा ती घरूनच मन घट्ट करून निघाली होती. काच अखंड होती. ऑगस्टमध्येही अखंड. दिवाळीत सुभद्राताईंनी आतून चुना मारून घेतला, तोही काचेवर एक थेंब न उडवता.

त्या वर्षात पौर्णिमाला सगळीकडे भेगा दिसायला लागल्या होत्या. दवाखान्यात, लग्नाच्या हॉलमध्ये, सासूबाईंच्या स्वयंपाकघरात. सागर म्हणायचा, मॅडम हॉटेलात गेल्या तरी आधी छत पाहतात, मग मेनू.

आज सर अकोल्याहून परस्पर मोटरसायकलवर आले होते. भिंतीशी उकिडवे बसून त्यांनी काचेवरून अंगठा फिरवला, चष्मा काढून पाहिलं, पुन्हा लावून पाहिलं.

"कर सही," ते म्हणाले. "अन् माह्याकडे पाहू नको. पाया तुहा आहे."

पौर्णिमानं लगेच सही केली नाही. तिनं साडेतीन वर्षांच्या रागूला आत आणलं आणि बरोबर त्या भिंतीखाली बसवलं. एवढ्यासाठीच तर तिला सोबत आणलं होतं. जिथे आपली लेक बसवायला जीव धजत नाही, तिथे लोकांची तेवीस लेकरं कशी बसवायची? रागूनं भिंतीला पाठ टेकली आणि चपला काढायला घेतल्या. पौर्णिमानं एकदा छताकडे पाहिलं. मग पिशवी मांडीवर घेऊन, तिच्यावर कागद ठेवून सरांच्या पेननं सही केली.

सरांनी पेन परत घेतलं. एवढा वेळ लग्नाच्या रजिस्टरवर सही करतानाही लागला नसेल, म्हणाले. ती हसली. कितीतरी दिवसांनी तिचे खांदे सैल झाले होते.

सुभद्राताई ओसरीवरून पोरांची रांग घेऊन आल्या. नव्या फरशीवर पाय ठेवताच रांग मोडली. कुणी खिडकीला लोंबकळलं, कुणी गोल गोल धावलं. रागू पाचच मिनिटांत त्यांच्यातली झाली. सुभद्राताईंनी मिठात उकडलेल्या तुरीच्या शेंगा सगळ्यांपुढे ठेवल्या आणि मॅडमच्या हातात परातच दिली. मॅडम बारीक झाल्या, असं त्यांनी सरांना ऐकवलं. तुमीच करून घेत असान एवढं काम, असंही.

शेंगा सोलता सोलता सागरला सुचलं, की ही काच प्रयोगशाळेत लावायची. दाराशीच, चौकटीत घालून. काळ्या मातीत बारा महिने टिकलेली, असं खाली लिहून. सरांना ते आवडलं. पौर्णिमाला तर फारच.

ती सुभद्राताईंना गाठून म्हणाली, की काच अलगद काढायची आहे, एखादं पातळ पातं मिळेल का.

"काढतो न मी. मले जमते ते," सुभद्राताई म्हणाल्या. "पन नेता कोनती? हेच, का त्या बी?"

"त्या कोणत्या?"

सुभद्राताईंनी कोपऱ्यातल्या कपाटातून एक गाठोडं काढलं आणि जपून फरशीवर सोडलं. आत काचेच्या पट्ट्या होत्या. सगळ्या मधोमध तडकलेल्या. प्रत्येकीवर तीच तारीख, गेल्या डिसेंबरची, आणि अक्षर जवळजवळ पौर्णिमाचंच.

मागे रागू बाकीच्या पोरांबरोबर भिंतीला पाठ लावून गाणं म्हणत होती.

"नऊ झाल्या," सुभद्राताई समाधानानं म्हणाल्या. "तुमचा फोन आला का मी दर्यापूरहून नवी कापून आनो. तुमी एवढ्या दुरून येता मॅडम, तुमाले फुटकी काच दाखवू का?"