चाव्याची खूण

"हिचे पुढचे दात उपटा," बाप म्हणाला आणि त्याने सात वर्षांच्या पोरीला बखोटीला धरून खुर्चीत आदळलं. ट्रेमधले चिमटे खणखणले.

दातांच्या डॉक्टरीणबाई हातमोजे चढवत होत्या, त्या थांबल्या. "दुखतायत का?"

"तिला कशाला दुखतील? तान्ह्या भावाला चावलीय!" दाराशी बायको उभी होती. तिच्या कडेवरच्या सात महिन्यांच्या बाळाची बाही त्याने वर सारली. कोवळ्या दंडावर काळंनिळं कडं उमटलं होतं, त्यावर खपली. "मी वीस-वीस दिवस ट्रकवर असतो. काल संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर हे. दुधाचेच दात आहेत ना हिचे? परत येतील. तोवर अद्दल घडेल."

"देव दात दोनदा देतो," बाकावर बसलेली त्याची म्हातारी आई म्हणाली. "अक्कल एकदाच. ती तू गाडीत ठेवून आलास."

"आई, तू मध्ये बोलू नकोस."

"असे दात कोणी काढत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "उतरवा तिला खाली."

तो ऐकणाऱ्यातला नव्हता. "आधी बघा तर खरं. ए, तोंड उघड. उघड म्हणतो ना!"

पोरीने ओठ गच्च मिटले. काल संध्याकाळपासून ते तसेच होते. ना जेवली होती, ना बोलली होती. पहिली थप्पड बसली तेव्हा तिचं डोकं खुर्चीच्या उशीवर आपटलं. दुसरीला नाकातून रक्त आलं. डॉक्टर मध्ये पडल्या, तर त्याने त्यांना कोपराने असं ढकललं की त्या ट्रेसकट भिंतीवर गेल्या. आरसे आणि चिमटे फरशीभर पसरले. त्याने डाव्या हाताने पोरीचा जबडा दाबला आणि उजवा पंजा तिच्या ओठांत घुसवला.

पोर चावली.

त्याने हात झटकला, पण तो सुटेना. हाताबरोबर पोर खुर्चीतून अर्धी वर आली. अखेर सुटला तेव्हा पंजाच्या कडेवरून रक्ताची धार लागली होती.

"बघितलंत? आता तरी पटलं? कुत्री आहे कुत्री!"

डॉक्टर उठल्या. त्यांनी त्याचा हात धरून नळाखाली नेला, रक्त धुतलं आणि खुर्चीवरच्या दिव्यात धरला. बराच वेळ पाहिला.

"बाळाला इकडे आणा."

बाळाची आई हलली नाही. म्हातारीने तिला पाठीला हात लावून पुढे आणलं. डॉक्टरांनी बाळाचा इवला दंड बापाच्या पंजाशेजारी धरला.

"तुमच्या हातावर या वरच्या दातांच्या खुणा. दोन इकडे, दोन तिकडे. मधे काहीच नाही. हिचे वरचे पुढचे दोन दात पडलेत."

"तीन आठवडे झाले," म्हातारी म्हणाली. "फोनवर सांगितलं होतं तुला. हो हो करून ठेवलास."

"आणि हे बघा."

बाळाच्या दंडावरचं कडं अखंड होतं. मधल्या एकाही दाताची उणीव नव्हती. आणि ते एवढं रुंद होतं की पोरीच्या तोंडात मावलंच नसतं.

बाप एकदा आपल्या हाताकडे बघे, एकदा बाळाच्या. "मग कोण?"

"माझ्याकडे नको बघूस," म्हातारी म्हणाली. "माझ्या तोंडात जिभेशिवाय कोणी राहत नाही."

कोणी हसलं नाही. घरात माणसं होतीच किती? बायकोने बाळाला असं आवळलं की ते कळवळून रडलं. त्याच्या उघड्या तोंडात खालचे दोन नवे दात दिसले, कणीएवढे. तिच्या ब्लाउजवर छातीशी रक्ताचा वाळलेला डाग होता.

"तो चावला," ती म्हणाली. "पाजताना. रोज चावतो. काल सोडेचना. मला कळलंच नाही हो, माझं तोंड कधी..."

"मी चावले!" पोर खुर्चीतून किंचाळली. "मीच चावले! काढा माझे दात!"

बापाने तिच्याकडे पाहिलंही नाही. "आई म्हणवतेस स्वतःला?" म्हणत त्याने बायकोवर हात उगारला. तोच रक्ताळलेला हात. शर्टाची अर्धी बाही खांद्याकडे सरकली. दंडावर जुनी, पांढुरकी, गोलसर खूण होती.

"ती खूण कसली रे?" म्हातारीने विचारलं.

"आता हे काय मध्येच? लशीची. लहानपणी टोचलं त्याची. तूच सांगितलंस."

"टोचलं ते डाव्या हाताला. हा उजवा."

हात वरच राहिला. डॉक्टरांनी त्या खुणेकडे निरखून पाहिलं. अंग वाढलं तशी ती ताणली गेली होती, तरी समोरासमोरच्या दोन कमानी ओळखू येत होत्या. त्यांनी नजर खाली वळवली.

"तूही असाच चावायचास," म्हातारी म्हणाली. "मी सगळ्यांना सांगितलं, शेजारणीचा पोरगा चावला. त्याला त्याच्या बापाने पट्ट्याने फोडून काढलं. मी खिडकीतून बघत होते. तू माझ्या मांडीवर होतास."

तिने सुनेच्या हातून बाळ घेतलं आणि खांद्यावर टाकलं.

"हात खाली घे आता. रक्त तुझ्याच तोंडावर गळतंय."