नवी बादली

क्षय झालेल्या गायी न्यायला ट्रक आला, तेव्हा दादा पाठमोरा उभा राहिला. तपासणीत फक्त वासरं निरोगी निघाली होती. आता सगळी भिस्त त्यांच्यावर. त्यांच्यासाठी त्याने लांब नवा गोठा बांधला होता, भिंतींना चुना फासला होता. जुन्या गोठ्यातली बादलीसुद्धा तो तिकडे नेऊ देत नसे.

ट्रकचा फाळका लागला तसे डॉक्टर आईकडे वळले. "या गायींचं दूध फेकून द्या म्हटलं होतं. कुणी प्यायलं नाही ना?"

"घरात थेंब येऊ दिला नाही, डॉक्टर," आई म्हणाली. "पण इतकं दूध मोरीत ओतायचं अगदी जिवावर आलं."

 

"नव्या बादलीतून रोज वासरांना पाजलं. बघा की, कसं बाळसं धरलंय."