कडक उन्हात

बाथरूमची कडी लावून मी लेकीची रंगीत काठांची पांढरी साडी घासत होते. साबण लावला तर हळदीचा डाग लालभडक झाला. लिंबू पिळलं, तर पुन्हा पिवळा. जात तेवढा नव्हता.

सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर सकाळीच विचारलं होतं. टेबलक्लॉथवर हळद सांडली, असं ठोकून दिलं. कुणी व्हिनेगर सांगितलं, कुणी खायचा सोडा, कुणी टूथपेस्ट. सगळं करून हाताची सालं निघाली. शेवटी तळमजल्यावरच्या मोघेकाकूंचा मेसेज आला: ‘घासू नका. ओलं करून कडक उन्हात टाका.’

ऊन आमच्या फक्त पुढच्या गॅलरीत येतं, आणि ती अख्ख्या सोसायटीला दिसते. साताऱ्याला हळदीच्या संध्याकाळीच मुलाकडच्यांनी लग्न मोडलं. इथे मात्र मी ‘पुढे ढकललंय’ एवढंच सांगितलेलं. मी पुन्हा ब्रश उचलला.

दारावर थाप पडली. कडी काढली, तर परतल्यापासून खोलीत बसून असलेली लेक दारात उभी होती. तिने बादलीतून साडी काढली, पिळली आणि सरळ गॅलरीत जाऊन दोरीवर पसरली. पिवळे डाग लांबूनही कळत होते. मी साडी ओढायला धावले.

खाली कट्ट्यावर मोघेकाकू मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. साडीकडे बघितलं, मग लेकीकडे.

“उलटी टाक गं,” काकू म्हणाल्या, “काठ विटतील.”